तळ्यात की मळ्यात: फिकट निळसर-हिरवी भिंत समजून घेताना

शेडकार्डावरच्या एका चौकोनावर बोट ठेवून घरातले दोघं वाद घालत असतील, एकाला तो निळा दिसतोय आणि दुसऱ्याला हिरवा, तर बोटाखाली कोणता रंग आहे हे न बघताही सांगता येतं. निळ्या आणि हिरव्याच्या बरोबर मध्ये बसलेला, भरपूर पांढऱ्यात विरघळवून फिका केलेला तो रंग. कंपन्या त्याला समुद्राची, पुदिन्याची, बदकाच्या अंड्याची नावं देतात. मराठीत या भागात शब्दांची तशी वाण नाही. आकाशी आहे, पिरोजी आहे, मोरपिशी आहे, शेवाळी आहे. पण आकाशी सरळ निळ्याच्या बाजूचा, शेवाळी हिरव्याच्या, आणि पिरोजी-मोरपिशी चारही भिंतींवर सोसणार नाहीत इतके ठसठशीत. मधला फिका रंग बिननावाचाच राहतो. या लेखापुरता मी त्याला ‘समुद्री’ म्हणणार आहे.

लहानपणी खेळलेलं ‘तळ्यात-मळ्यात’ आठवतं ना? या रंगाचं तसंच आहे. सकाळी तळ्यात, म्हणजे निळा; दिवेलागणीला मळ्यात, म्हणजे हिरवा. लाल भिंत संध्याकाळच्या उजेडात जराशी नारिंगी झाली तरी आपण तिला लालच म्हणतो, कारण ती ‘लाल’ या शब्दाच्या मुलखात पार आत उभी असते. समुद्री रंग सीमेवरच उभा आहे. उजेडाने किंचित ढकललं तरी त्याचं नाव बदलतं. ही सीमाही सगळ्या भाषांमध्ये एका जागी नाही. जपानीत निळ्याला ‘आओ’ म्हणतात, आणि रस्त्यावरचा हिरवा सिग्नलही त्यांना ‘आओ’च. व्हिएतनामी भाषेत दोन्ही रंगांना एकच शब्द चालतो; फरक करायचाच झाला तर ‘पानासारखा’ किंवा ‘समुद्राच्या पाण्यासारखा’ अशी पुस्ती जोडतात.

म्हणून या रंगाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. शेड कोणती, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी खोलीतला उजेड, फरशी, लाकूड आणि दिवे यांच्याकडे बघावं, कारण भिंत तळ्यात पडणार की मळ्यात हे तेच ठरवतात. असं का, ते जरा मुळापासून बघू.

छोटा तुकडा दगा देतो

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांना शंकुपेशी म्हणतात. एक प्रकार लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला जास्त दाद देतो, दुसरा मधल्या, तिसरा आखूड, म्हणजे निळ्या-जांभळ्या बाजूच्या. निळा कुठे संपला आणि हिरवा कुठे सुरू झाला हे सांगण्यात या तिसऱ्या प्रकारचा वाटा मोठा. नेमक्या याच पेशी संख्येने सर्वांत कमी, सगळ्या शंकुपेशींच्या दहा टक्क्यांच्याही आत. आणि आपण ज्या बिंदूने एखादी गोष्ट रोखून बघतो, त्या पडद्याच्या ऐन मध्यावर तर त्या जवळजवळ नसतातच. त्यामुळे खूप लहान किंवा लांब ठेवलेला तुकडा निळा आहे की हिरवा हे ओळखताना चांगली नजरही गोंधळते.

त्यात आणखी एक भानगड आहे. याच मधल्या भागावर एक पिवळसर रंगद्रव्य पसरलेलं असतं. ते निळा प्रकाश थोडा गाळून घेतं. कडेच्या भागात ते विरळ होत जातं. म्हणजे रोखून बघितलेला चौकोन आणि नजरभर पसरलेली भिंत यांना डोळा एकाच मापाने मोजत नाही. रंगमापनाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या मंडळींनाही हे पुढे मान्य करावं लागलं. 1931 साली ‘प्रमाण डोळा’, म्हणजे सर्वसाधारण नजरेला रंग कसा दिसतो याचं माप, ठरवला तेव्हा 2 अंशांचा तुकडा धरला होता. हात लांब करून अंगठा धरला तर तो जेवढी जागा अडवतो तेवढा. मोठ्या पृष्ठभागांसाठी ते माप पुरेना, म्हणून 1964 साली 10 अंशांचा दुसरा प्रमाण डोळा आला. हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा. शेडकार्डावरचा चौकोन अंगठ्याच्या हिशेबातला आहे आणि भिंत मुठीच्याही कितीतरी पलीकडची.

वयाचाही संबंध येतो. डोळ्यातलं भिंग वर्षांगणिक पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो. मेंदू हे बरंचसं सांभाळून घेतो, पण निळ्या-हिरव्यातले बारीक फरक टिपणं उतारवयात अवघड होतं. चित्रकार क्लोद मोने याची 1923 साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर काही काळ त्याची तक्रार होती की आता सगळं फार निळं दिसतंय. तेव्हा घरातली थोरली माणसं एखादी भिंत ‘हिरवीच’ म्हणत असतील तर हुज्जत घालू नये. त्यांना ती तशी दिसत असू शकते.

उजेडाचा कल

भिंतीला स्वतःचा उजेड नसतो. तिच्यावर जे पडतं त्यातलं ती काही गिळते आणि काही परत फेकते. समुद्री भिंत लाल बाजूचा प्रकाश थोडा जास्त गिळते, निळा-हिरवा थोडा जास्त परत देते. ‘थोडा’ या शब्दावर जोर आहे. रंग फिका असल्यामुळे ती बराचसा उजेड परत देते, आणि म्हणून येणाऱ्या उजेडाचा कल तिच्यावर लगेच उमटतो.

हा कल केल्विन या एककात मोजतात. मेणबत्तीची ज्योत साधारण 1900 केल्विन, जुना पिवळा बल्ब 2700 च्या आसपास, भर दुपारचं ऊन 5500, ढगाळ आभाळ 6500, आणि नुसत्या निळ्या आकाशाचा उजेड 10000 च्याही वर जाऊ शकतो. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. बोलताना मात्र आपण नेमकं उलट करतो: मोठ्या आकड्याच्या उजेडाला ‘थंड’ आणि लहान आकड्याच्या उजेडाला ‘उबदार’ म्हणतो. इथे भले भले गोंधळतात.

आता ज्या खोलीत थेट ऊन कधीच येत नाही ती घ्या. पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात ती बहुधा उत्तरेकडे तोंड असलेली खोली, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे. तिला दिवसभर आकाशाचा निळसर उजेड मिळतो. समुद्री भिंत तिथे निळ्याकडे झुकते आणि जरा राखाडी, गारठलेली वाटते. अशा खोलीसाठी हिरव्याकडे आणि किंचित पिवळ्याकडे झुकलेली छटा घ्यावी म्हणजे आकाश तिला ओढून मधोमध आणतं. भरपूर ऊन येणाऱ्या खोलीचं गणित उलट. ऊन भिंतीला हिरव्याकडे नेतं, म्हणून तिथे निळ्याकडची, जरा करडेपणा असलेली छटा टिकते. पूर्वेच्या खोलीत सकाळी हिरवी आणि दुपारनंतर निळी, पश्चिमेच्या खोलीत दुपारपर्यंत निळी आणि मावळतीला हिरवट किंवा चक्क मातकट. त्या खोलीत तुम्ही कोणत्या वेळी बसता, तेवढंच बघा. रिकाम्या खोलीतली दुपार कितीही देखणी असली तरी ती बघायला कोणी नसतं.

रात्री सगळं दिव्यांच्या हातात जातं. 2700 केल्विनच्या दिव्यात निळा प्रकाश मुळातच कमी, त्यामुळे परत फेकायला भिंतीकडे निळा उरत नाही. ती हिरवट, कधी धुरकट दिसते. 6500 च्या पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली तीच भिंत दवाखान्यातली वाटू लागते. मला स्वतःला 3000 ते 3500 केल्विनचे दिवे या रंगाला सर्वांत मानवतात असं वाटतं. मात्र केल्विनचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. दिव्याच्या खोक्यावर ‘सीआरआय’ असा आणखी एक आकडा असतो, जास्तीत जास्त 100. त्या दिव्याखाली रंग किती प्रामाणिक दिसतात याचं ते माप. 90 च्या पुढचा दिवा घ्यावा. यातली गोम अशी की हा आकडा आठ सौम्य रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद लाल त्यात धरतच नाहीत. स्वस्त एलईडीत नेमकी लालाचीच मारामार असते. लाल कमी म्हणजे समुद्री भिंत जास्तच हिरवी आणि तिच्यापुढे बसलेली माणसं निस्तेज.

पडदे आणि भिंत दुकानात तंतोतंत जुळले आणि घरी आणल्यावर फटकून वागायला लागले, हा अनुभव अनेकांना असतो. त्यात दुकानदाराची लबाडी नसते. कापडातला रंग आणि भिंतीवरचा रंग वेगवेगळ्या रसायनांचे असतात. एका उजेडात दोघांनी डोळ्याकडे सारखाच निरोप पाठवला तरी दुसऱ्या उजेडात तो सारखा राहीलच असं नाही. जुळवाजुळव करायचीच असेल तर ज्या खोलीत ते नांदणार तिथल्याच उजेडात करावी.

मग मेंदू काहीच दुरुस्ती करत नाही का? करतो, भरपूर करतो. पांढरा कागद पिवळ्या दिव्याखालीही आपल्याला पांढराच वाटतो तो त्यामुळेच. पण उजेड कसा आहे याचा अंदाज चुकला की दुरुस्तीही चुकते. 2015 साली इंटरनेटवर एका ड्रेसच्या फोटोने जगाला भांडायला लावलं होतं. काहींना तो निळा-काळा दिसत होता आणि काहींना पांढरा-सोनेरी. प्रत्येकाच्या मेंदूने उजेडाचा वेगळा अंदाज बांधला होता, एवढंच. मोबाइलवर बघून भिंतीची शेड ठरवणाऱ्यांनी तो फोटो आठवावा. स्क्रीन स्वतः उजळते, भिंत उजळत नाही. शिवाय रात्री स्क्रीन आपोआप पिवळी होण्याची सोय चालू असेल तर विचारूच नका.

भिंती एकमेकींना रंगवतात

डब्याच्या झाकणावर फिका वाटलेला रंग खोलीभर लावल्यावर भडक होतो. ‘रंगाऱ्याने चुकीचा डबा आणला’ अशी ओरड तेव्हा होते. माझ्या एका खोलीत मीही ती केली होती, आणि डबा बरोबरच होता.

झालं होतं ते असं. समजा, भिंत लाल प्रकाशातला 60 टक्के परत देते आणि हिरवा-निळा 72 टक्के. एका टप्प्यानंतर दोहोंचं प्रमाण 60 ला 72, म्हणजे लाल सुमारे 83 टक्के. फिकाच रंग. पण खोलीत उजेड एकदाच आपटून डोळ्यात येत नाही. तो समोरच्या भिंतीवर जातो आणि तिथून पुन्हा उसळतो. दुसऱ्या टप्प्यात लाल 36 उरतो आणि हिरवा-निळा 52 च्या जवळपास. प्रमाण 69 टक्क्यांवर आलं. तिसऱ्या टप्प्यात 58. प्रत्येक उसळीला रंग गडद होत जातो. आपल्या डोळ्याला पोचतं ते या सगळ्या टप्प्यांचं मिश्रण. खोली जितकी लहान आणि भिंती जितक्या समोरासमोर, तितका हा परिणाम जास्त. कोपऱ्यांत तर तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, कारण तिथे दोन भिंती एकमेकींना चिकटून असतात.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो ऐकताना कोणाचाही विश्वास बसत नाही. मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी करडी छटा घ्या. नुसती फिकी नव्हे, करडी. पांढरा वाढवून भागत नाही, रंगाची धारच कमी करावी लागते. शेडकार्डावर ती मरगळलेली दिसेल. चार भिंतींवर चढली की उसळ्या तिला जागं करतील. रंगतज्ज्ञ अल्बर्ट मन्सेल याने 1905 साली मांडलेल्या पद्धतीत रंगाची तीन अंगं वेगळी केली आहेत: रंग कोणता, किती उजळ, आणि किती तीव्र. घर रंगवणारे पहिल्या दोघांवर तासन् तास घालवतात. भिंतीवर गंमत किंवा घोटाळा होतो तो तिसऱ्यामुळे.

उसळीच्या खेळात फरशीही उतरते. ऊन सहसा आधी फरशीवर पडतं आणि मग भिंतींवर चढतं. तांबूस लाकडाची फरशी असेल तर भिंतीचा खालचा भाग नारिंगी उजेडात न्हातो. नारिंगी उजेडात निळा-हिरवा अंश कमी, म्हणून भिंत तिथे रंगहीन, राखाडी दिसते, आणि वरचा भाग मात्र समुद्रीच राहतो. खिडकीबाहेर दाट झाड असेल तर हिरवा उजेड आत येतो आणि भिंत थेट मळ्यात जाते. समोर विटांची लाल भिंत असेल तर पुन्हा राखाडी. पांढऱ्या छतावरही भिंतींची छटा चढते. ‘छताला जराशी तीच शेड मारू’ असं कोणी सुचवलं तर मी नको म्हणते. ती अर्धी फुकटात येणारच आहे.

डब्यात काय असतं

या रंगाच्या इतिहासात तांबं पुन्हा पुन्हा भेटतं. पिरोजा हा खडा तांब्याच्या संयुगामुळे निळा-हिरवा असतो. तांब्यावर वर्षानुवर्षांच्या हवापाण्याने चढणारा थरही याच रंगाचा. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा 1886 साली उभा राहिला तेव्हा तांब्याच्या रंगाचा, तपकिरी होता. पुढच्या काही दशकांत तो आजचा समुद्री झाला. जुन्या मराठीत तांब्याच्या या हिरव्या गंजाला ‘जंगाल’ असा छान शब्द आहे, तो हल्ली कानावर येत नाही.

तांब्याचाच एक काळाकुट्ट अध्याय घरांच्या भिंतींवर लिहिला गेला. 1775 साली कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांच्यापासून एक झळझळीत हिरवा रंग बनवला. पुढे 1814 मध्ये त्याच जातीचा आणखी चमकदार हिरवा आला. एकोणिसाव्या शतकात युरोपात हे रंग भिंतीच्या कागदांवर सर्रास वापरले गेले. कागदाची भुकटी उडायची आणि आर्सेनिक पोटात जायचं. ओलसर भिंतींवरच्या काही बुरशा त्यातल्या आर्सेनिकपासून वायू तयार करतात, हेही त्या शतकाच्या अखेरीस बार्तोलोमेओ गोझिओ या इटालियन संशोधकाने दाखवून दिलं.

आज समुद्री छटेचं काम बहुतेक करून थॅलोसायनिन या जातीच्या रंगद्रव्यांवर चालतं. त्यांचा शोध अपघाताने लागला. 1928 च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात भांड्याचा आतला मुलामा तडकला, आतला माल लोखंडाला लागला आणि निळसर अशुद्धी तयार झाली. चौकशी केल्यावर कळलं की हाताला एक अतिशय टिकाऊ रंग लागला आहे. लोखंडाच्या जागी तांबं बसवलेला त्याचा निळा भाऊ 1935 साली बाजारात आला. त्या रेणूच्या कडेच्या हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवला की निळ्याचा हिरवा होतो. म्हणजे तळं आणि मळा एकाच घरातले. इथलं तांबं रेणूच्या मधोमध पक्कं अडकलेलं असतं, आर्सेनिकच्या हिरव्यासारखी भीती त्यात नाही, आणि उन्हाने हा रंग सहजी उडत नाही.

हे रंगद्रव्य भयंकर जोरकस असतं. फिक्या छटेसाठी पांढऱ्या बेसमध्ये त्याचे मोजके थेंब पडतात, शिवाय धार बोथट करायला चिमूटभर काळा किंवा मातकट पिवळा. मोजके थेंब म्हणजे चुकीला जागा कमी. यंत्राने एखादा थेंब जास्त सोडला तर गडद रंगात तो लपतो, फिक्यात लपत नाही. म्हणून लागणारा सगळा रंग एकदमच बनवून घ्यावा, आणि डबे वेगवेगळे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच भिंतीला लावावा. निम्मी खोली झाल्यावर नवा डबा उघडला आणि भिंतीच्या मध्यावर उभी रेघ दिसू लागली, यासारखं वैतागवाणं काही नाही.

ओला रंग बघून घाबरू नये. आजचे पाण्यातले इमल्शन ओले असताना दुधट दिसतात, वाळल्यावर थोडे गडद होतात. चुन्यात कालवलेला रंग नेमका उलट वागतो, ओला गडद आणि वाळून फिका. दुसरा हात पडेपर्यंत मत बनवू नये हे तर खरंच.

चकाकीबद्दल थोडक्यात. मॅट फिनिश उजेड सगळीकडे सारखा विखुरतो, त्यामुळे रंग एकसंध दिसतो आणि पुट्टीची उंचसखल झाकली जाते. चकचकीत फिनिश खिडकीचं प्रतिबिंब दाखवतं, आणि त्या जागी रंग धुऊन निघाल्यासारखा पांढरट होतो. समुद्री रंगाला मॅट किंवा फार तर हलकी सॅटिन. दारं-चौकटी याच रंगात करणार असाल तर तेलावर आधारलेल्या रंगापासून जपा. असे रंग कमी उजेडात पिवळट पडतात, आणि निळ्यात पिवळा मिसळला की काय होतं ते पहिलीतलं मूलही सांगेल. कपाटामागे झाकलेली चौकट वर्षभरात मळ्यात गेलेली असते.

शेजारी निवडताना

पॅरिसच्या गोबलाँ गालिचा कारखान्यात मिशेल शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळी लोकर फिकी निघते अशी तिथे तक्रार होती. त्याने तपासलं तर लोकर उत्तम होती. शेजारचे निळे-जांभळे धागे तिला फिकी दाखवत होते. शेजारी शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपल्या उलट दिशेला ढकलतात, हा नियम त्याने 1839 साली सविस्तर मांडला.

समुद्री भिंतीची उलट दिशा म्हणजे तांबूस-नारिंगी. त्यामुळे या भिंतीपुढे ठेवलेलं कुठलंही तपकिरी लाकूड आहे त्यापेक्षा तांबूस आणि ऊबदार वाटतं. फिक्या, मधाच्या रंगाच्या लाकडाला याचा फायदा होतो. आधीच लालसर पॉलिश केलेलं लाकूड मात्र अंगावर येतं. भाजलेल्या मातीचा रंग, गंजाचा रंग, पितळ, तांबं हे सगळे या भिंतीचे सख्खे सोबती. तांब्याची वस्तू आणि तिच्यावर चढलेला जंगाल ही जोडी निसर्गानेच लावून दिली आहे, आपण फक्त नक्कल करायची. प्रमाण मात्र सांभाळावं. एक उशी, एक दिव्याची छत्री, एखादी खुर्ची, बास.

पांढऱ्याची निवड लोकांना बिनमहत्त्वाची वाटते. निळसर झाक असलेला शुभ्र पांढरा चौकटींना दिला तर भिंत हिरवी वाटते. पिवळसर, सायीसारखा पांढरा दिला तर भिंत निळ्याकडे सरकते. म्हणजे भिंतीला हात न लावता तिला तळ्याकडे किंवा मळ्याकडे ढकलायची सोय चौकटींच्या पांढऱ्यात आहे. रंगवून झालेली खोली मनासारखी वाटत नसेल तर पुन्हा भिंत रंगवण्याआधी हे करून बघावं.

खोल्यांपैकी मला काळजी वाटते ती न्हाणीघराची. पाणी, स्वच्छता म्हणून हा रंग तिथे आपसूक निवडला जातो. पण आरशासमोर उभं राहिलं की चारही जवळच्या भिंतींचा हिरवट उजेड चेहऱ्यावर पडतो, आणि रोज सकाळी आपण आजारी आहोत की काय असं वाटायला लागतं. आरशासमोरची भिंत पांढरी ठेवून बाकीच्या रंगवाव्यात, आणि दिवे चांगल्या सीआरआयचे हवेत.

झोपायच्या खोलीत मात्र हा रंग इतर कुठल्याही रंगाला न जमणारी गोष्ट करतो. उजेड कमी झाला की शंकुपेशी माघार घेतात आणि अंधुक उजेडात बघणाऱ्या दंडपेशी काम हाती घेतात. भर उजेडात डोळा 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्याला सर्वाधिक संवेदनशील असतो. अंधुक उजेडात ती जागा 507 च्या आसपास सरकते. हा प्रकाश निळसर हिरवा, बरोबर आपल्या भिंतीचा. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने 1825 साली हा बदल नोंदवला: दिवसा झळकणारी लाल फुलं संधिप्रकाशात काळवंडतात आणि निळं-हिरवं उजळ राहतं. दिवा न लावता संध्याकाळी बसून बघा. लाल गालिचा आणि तपकिरी कपाट अंधारात बुडतात आणि भिंत जणू स्वतःच्या उजेडाने मागे तरंगत राहते.

‘हा रंग मन शांत करतो’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. मी ते जपून घेते. रंगाचा मनावर होणारा परिणाम त्याच्या निळे-हिरवेपणाइतकाच त्याच्या उजळपणावर आणि तीव्रतेवर अवलंबून असतो. भडक पिरोजी खोलीत कोणी शांत होत असेल असं मला वाटत नाही. डोळ्याला आराम ही वेगळी आणि जास्त ठोस गोष्ट आहे. शस्त्रक्रियागृहं पूर्वी पांढरी असत. रक्ताकडे बराच वेळ बघून नजर पांढऱ्यावर गेली की डोळ्यांपुढे हिरवट सावल्या नाचत. 1914 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका शल्यविशारदाने खोलीच हिरवी करून टाकली, आणि पुढे हिरवे-निळे कपडेही रूढ झाले. आणि हो, हा रंग लावून खोलीचं तापमान उतरत नाही. गार वाटतं, तापमापक मात्र जिथल्या तिथे.

लावण्याआधी

भिंतीवरच नमुना फासू नका. जुन्या रंगाच्या शेजारामुळे तो खोटा दिसतो, शेव्ह्रलचा नियम तिथेही लागू आहे. दोन-अडीच फुटी दोन पुठ्ठे घ्या, पांढरं प्रायमर मारा, वर रंगाचे दोन हात द्या, आणि कडेला चार बोटं पांढरी पट्टी सोडा. वाळल्यावर दोन्ही पुठ्ठे कोपऱ्यात काटकोनात उभे करा, म्हणजे उसळीचा अंदाज येतो. टेबलावर आडवे ठेवून बघू नका. आडव्या पृष्ठभागावर छताकडून जास्त उजेड पडतो आणि रंग खऱ्यापेक्षा उजळ दिसतो. एक दिवस खिडकीजवळ, एक दिवस सर्वांत अंधाऱ्या भिंतीपाशी. सकाळी, दुपारी, आणि रात्री तिथेच राहणाऱ्या दिव्यांखाली. घरातल्या थोरल्या माणसालाही विचारा.

काम झाल्यावर उरलेला रंग काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून वर खोलीचं नाव, तारीख आणि शेडचा क्रमांक लिहून ठेवा. पुढे कुठे खरवडलं तर तेवढ्यापुरता ठिपका मारायचा मोह होईल. इतक्या फिक्या रंगात तो ठिपका लांबूनही दिसतो, कारण मधल्या काळात भिंतीवर धूळ आणि धूर बसलेला असतो. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ती अख्खी भिंतच रंगवावी लागते. कोपऱ्यात उजेड बदलतो, त्यामुळे तिथला सांधा कळत नाही.